मॅग्नेशियम कमी आलंय? आधी औषधांचा डबा उघडा

रिपोर्टमध्ये ‘सीरम मॅग्नेशियम’च्या पुढे खाली जाणारा बाण दिसला की घरात दोन गोष्टी होतात. कुणीतरी बदाम भिजत घालतं आणि कुणीतरी मोबाइलवर सप्लिमेंट शोधायला लागतं. दोन्हींत वाईट काही नाही, पण त्यांची पाळी नंतरची. आधी कळायला हवं की मॅग्नेशियम गेलं कुठे. चार दिवस जेवणात कमी पडलं म्हणून रक्तातलं मॅग्नेशियम सहजासहजी घसरत नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर टंचाईच्या काळात ते लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम रोखून धरतं. एवढं असूनही आकडा खाली आला, तर बहुतेक वेळा ते कुठून तरी सतत गळतंय किंवा आतड्यातून नीट शोषलंच जात नाहीये. पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसांत तर याचं कारण बऱ्याचदा स्वयंपाकघरात नसतं, औषधांच्या डब्यात असतं.

माझ्या आईच्या निमित्ताने मी या सगळ्यातून गेले. तिचं पोटॅशियम कमी यायचं, सिरप दिलं की वर चढायचं, सिरप थांबलं की पुन्हा खाली. मॅग्नेशियम तपासावं हे बराच काळ कुणी सुचवलं नाही. शेवटी एका फिजिशियनने ती एक चाचणी लिहून दिली आणि कोडं सुटायला लागलं. मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते डॉक्टरांसमोर तयारीने बसता यावं आणि नको तिथे पैसे जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

१. घाई आहे का, ते आधी ठरवा

थोडी कमतरता असेल तर अनेकांना काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर भूक मंदावणं, मळमळ, थकवा, अंगात जोर नसल्यासारखं वाटणं. ही लक्षणं शंभर आजारांत असतात, त्यावरून निदान होत नाही. कमतरता वाढली की मुंग्या, बधिरपणा, पेटके, हात थरथरणं सुरू होतं. रक्तदाब मोजताना पट्टा फुगवल्यावर मनगट वाकून बोटं आपोआप आखडत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांच्या दृष्टीने ती मोठी खूण आहे. कॅल्शियम उतरल्याचं ते लक्षण असतं आणि त्यामागे मॅग्नेशियम असू शकतं.

पुढीलपैकी काही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा, महाराष्ट्रात असाल तर १०८ लावा: झटका येणं, शुद्ध हरपणं, छातीत अनियमित धडधड, चक्कर येऊन कोसळणं, हातपाय आखडून न सुटणं. मॅग्नेशियम फार खाली गेलं की हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी ते शिरेतून, मॉनिटर लावून द्यावं लागतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असणाऱ्यांनी तर धडधड अजिबात अंगावर काढू नये.

२. ही पिशवी भरा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं एकत्र करा:

- घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. प्रिस्क्रिप्शन नको, पाकिटंच हवीत. प्रिस्क्रिप्शनवर एक नाव असतं आणि केमिस्टने दिलेलं दुसरंच असतं.
- ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून आपण ज्या मोजत नाही त्या वस्तू: ॲसिडिटीचं पातळ औषध, जुलाबाचं औषध, चूर्ण, कॅल्शियमच्या गोळ्या, जिममधून आलेले डबे.
- मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट, विशेषतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती चाचणी), पोटॅशियम, कॅल्शियम आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर).
- जुने ईसीजी आणि रुग्णालयात राहिला असाल तर डिस्चार्ज कार्ड.
- कागदाचा एक चिठोरा: कुठली गोळी साधारण कधीपासून, कुणी सुरू केली, कशासाठी.

त्यातला चिठोरा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत अवघड. ‘ही गोळी का घेतोस?’ याचं उत्तर घरोघरी ‘त्या डॉक्टरांनी दिली होती’ एवढंच असतं. ते डॉक्टर कोण आणि ‘होती’ म्हणजे कधी, हे शोधण्यातच अर्धं काम होतं.

३. चाचणी करा, आणि आकडा नीट वाचा

लॅबमध्ये जाऊन ‘इलेक्ट्रोलाइट्स करा’ असं सांगितलं तर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मिळतं. मॅग्नेशियम त्यात नसतं. ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. हजारभर रुपयांत सत्तर-ऐंशी चाचण्यांची जी पॅकेजं मिळतात, त्यांतही ते असेलच असं नाही. यादी वाचूनच पैसे भरा.

बऱ्याच लॅब साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरतात. लॅबनुसार थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच पाहा. आखातात किंवा युरोपात राहणाऱ्यांच्या रिपोर्टवर एकक मिलिमोल प्रति लिटर असतं. तिथे ०.७५ च्या खाली गेलं की कमी समजतात. तिकडचा एक मिलिमोल प्रति लिटर म्हणजे इथले सुमारे २.४३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तिकडचा ०.८ हा आकडा इथल्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलात तर रडारड होईल, पण तो ठीक आहे. इथल्या एककात १.२ च्या खाली गेलं की मात्र त्रासदायक लक्षणं दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

आता मुख्य अडचण. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि पेशींत. रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नसतं, आणि आपण तपासतो ते तेवढंच. खिशातली चिल्लर मोजून बँकेतल्या ठेवीचा अंदाज करावा तसं हे आहे. त्यामुळे आकडा कमी आला तर तो गंभीरपणे घ्या, पण तो नॉर्मलच्या खालच्या काठावर असेल आणि पोटॅशियम-कॅल्शियमही कमी असेल तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून विषय संपवू नका. तांबड्या पेशींतलं मॅग्नेशियम मोजणारी महागडी चाचणीही मिळते. आमच्या डॉक्टरांनी ती करू दिली नाही. उपचार त्याने बदलणार नव्हता.

नमुन्याबद्दल दोन गोष्टी. सुई टोचताना रक्त नीट आलं नाही आणि पेशी फुटल्या, तर आतलं मॅग्नेशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर चाचणी पुन्हा करून मागा. आणि हे रक्त जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीतलं चालत नाही, कारण ते रसायन मॅग्नेशियमला धरून ठेवतं. नेहमीच्या लॅबला हे सांगावं लागत नाही. घरी येऊन एकाच नळीत सगळं भरणाऱ्याला विचारायला मात्र हरकत नाही.

मॅग्नेशियमसोबत पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि साखर त्याच दिवशी करा. कारण ही मंडळी एकत्र पडतात. पेशीतलं मॅग्नेशियम घटलं की मूत्रपिंडातली पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं उघडी राहतात. वरून कितीही पोटॅशियम घाला, ते लघवीत जातं. तसंच कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावते आणि कॅल्शियम उतरतं. आईचं सिरप का लागू पडत नव्हतं, ते मला इथे कळलं.

४. औषधांचा डबा उघडा

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरा, सगळी पाकिटं ओता आणि प्रत्येकावरचं मोठं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा. चष्मा लागेल, मोबाइलचा टॉर्चही लागेल.

*ॲसिडिटीच्या गोळ्या.* ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. ‘प्राझोल’ हे शेपूट असलेली सगळी एकाच घराण्यातली. सकाळी अनशापोटी घ्यायची ती गोळी, जी एखाद्या वेदनाशामकासोबत आठ दिवसांसाठी दिली जाते आणि मग आठ वर्षं चालते. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांच्याबद्दल इशारा दिला. दीर्घकाळ, बहुतेकदा वर्षाहून जास्त घेतल्यास मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांत मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊनही आकडा सुधारला नाही, ॲसिडिटीची गोळी थांबवावी लागली. थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात पातळी पूर्ववत झाली आणि पुन्हा सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत पुन्हा घसरली. वरून मॅग्नेशियम ओतत राहणं का पुरत नाही, हे यातून दिसतं.

*लघवी वाढवणाऱ्या गोळ्या.* हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड. गोची अशी की यातल्या बऱ्याच स्वतंत्र दिसत नाहीत. रक्तदाबाच्या जोडगोळीत लपलेल्या असतात. टेल्मिसार्टनच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ लावलेलं असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. आईला विचारलं, ‘तुला लघवीची गोळी आहे का गं?’ तर ती ठामपणे ‘नाही, फक्त बीपीची’ म्हणायची. तिच्या बाजूने ती खरंच बोलत होती. बीपीची ही गोळी आणि सकाळची ‘प्राझोल’, दोन्ही मिळून तिचं मॅग्नेशियम दोन वाटांनी जात होतं.

*इतर.* जेंटामायसिन, अमिकॅसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगासाठी सिसप्लॅटिन, बुरशीच्या गंभीर संसर्गासाठी ॲम्फोटेरिसिन-बी, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस. ही औषधं देणारे डॉक्टर सहसा स्वतःच मॅग्नेशियमवर लक्ष ठेवतात. तरी आठवण करून दिली तर कुणी रागावत नाही. आणि रागावलं तरी विचारा.

आता सापळा. हे वाचून आज रात्रीच गोळी बंद करू नका. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना, पूर्वी जठरात रक्तस्राव झालेल्यांना ‘प्राझोल’ची खरी गरज असते. शिवाय बरीच वर्षं घेतलेली ती गोळी एकदम तोडली की आम्ल उसळी मारतं, माणूस रात्रभर उठबस करतो आणि ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही’ म्हणत परत सुरू करतो. डॉक्टरांना इतकंच विचारा: ही गोळी अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का, फॅमोटिडिनसारखं दुसऱ्या गटातलं काही चालेल का, आणि बीपीच्या जोडगोळीतला लघवीचा घटक बदलता येईल का. स्पायरोनोलॅक्टोन, अमिलोराइड यांसारखे काही घटक उलट मॅग्नेशियम वाचवतात, पण ते पोटॅशियम वाढवतात. त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच.

५. डब्यात काही सापडलं नाही तर

मग उरतात चार ठिकाणं. आटोक्यात नसलेला मधुमेह, कारण जादा साखरेबरोबर लघवीवाटे मॅग्नेशियमही जातं. रेंगाळलेले जुलाब किंवा सिलिअ‍ॅक, क्रोनसारखे आतड्याचे आजार. रोजची दारू, ज्याबद्दल डॉक्टरांशी खोटं बोललं जातं आणि जिथे खोटं बोलणं सगळ्यांत महागात पडतं. आणि मूत्रपिंडाचे काही आनुवंशिक दोष, जे तरुण वयातच पोटॅशियम-मॅग्नेशियम दोन्ही पाडतात. गळती लघवीवाटे आहे की आतड्यातून, हे रक्त आणि लघवी एकाच वेळी तपासून काढता येतं. रक्तात कमी असूनही लघवीत भरपूर जात असेल तर दोष मूत्रपिंडाकडे. इथवर प्रकरण आलं तर नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे जा.

६. गोळी घ्यायचीच असेल तर

पहिली अट: क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट. जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. ते कमजोर असेल, विशेषतः ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा रिपोर्टवरचा अंदाज) ३० च्या खाली असेल, तर साधी वाटणारी गोळीही साठत जाते. मग रक्तदाब पडतो, सुस्ती येते, फारच वाढलं तर श्वास मंदावतो. बद्धकोष्ठासाठी घेतलं जाणारं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि बरीचशी ॲसिडिटीची पातळ औषधं हीसुद्धा मॅग्नेशियमच आहेत. डायलिसिसवरच्या आजोबांना ‘पोट साफ होईल’ म्हणून ती देऊ नका.

दुसरं, लेबल. गोळीवर ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर आत हजार मिलिग्रॅम मॅग्नेशियम नाही, साधारण १४० आहे. बाकीचं वजन ग्लायसिनचं. सायट्रेटमध्ये साधारण १६ टक्के. ऑक्साइडमध्ये तब्बल ६० टक्के, म्हणून ते स्वस्त आणि आकड्याने दणदणीत. पण ते शोषलं कमी जातं आणि पोट बिघडवतं जास्त. ‘एलिमेंटल’, म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम, किती ते पाकिटाच्या मागे शोधा, सापडलं नाही तर तो डबा घेऊ नका. जुलाब लागले तर गोळी चालू ठेवण्यात अर्थ नाही. आत जाईल त्याहून जास्त बाहेर जाईल. मात्रा विभागून, जेवणाबरोबर घेतली की बहुतेकांना झेपते. अमेरिकेत सप्लिमेंटमधून रोज ३५० मिग्रॅपेक्षा जास्त स्वतःच्या मनाने घेऊ नये अशी मर्यादा आहे. डॉक्टर उपचार म्हणून जास्त देऊ शकतात, तो भाग वेगळा.

तिसरं, वेळ. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतात. ती दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या ॲलेन्ड्रोनेटपासूनही किमान दोन तास लांब. आमच्याकडे सोपी वाटणी केली: सकाळ थायरॉइडची, रात्रीचं जेवण मॅग्नेशियमचं.

आणि पेटके. रात्री पोटरीत गोळा येतो म्हणून जो तो मॅग्नेशियम घेतो. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेते; २०२० मध्ये अद्ययावत झालेल्या तिच्या आढाव्यात वयस्करांच्या साध्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. खरी कमतरता असेल तर गोष्ट निराळी. बादलीत एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून पाय बुडवले की बरं वाटतं, ते गरम पाण्यामुळे. कातडीतून मॅग्नेशियम आत जाऊन कमतरता भरते याला भक्कम पुरावा नाही.

७. ताट

गळती थांबवल्याशिवाय ताट पुरत नाही, पण गळती थांबल्यावर ताटच उपयोगी पडतं. २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला रोज ४४० आणि स्त्रीला ३७० मिग्रॅ लागतं. आपल्या जुन्या जेवणात ते अवघड नव्हतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे १४५, ज्वारीत १३०, बाजरीत १२५ मिग्रॅ. पांढऱ्या तांदळात जेमतेम २०, कारण कोंडा आणि अंकुर गिरणीतच राहतात. दुपारी भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी खाल्ली तर सत्तरेक मिग्रॅ आले. वर मूठभर शेंगदाणे म्हणजे आणखी पन्नास. तीळ, जवस, कारळ्याची चटणी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालक, माठ हे सगळं कामाचं. धान्य-कडधान्य भिजवलं, मोड आणले, आंबवलं की त्यातलं फायटेट (खनिजं शोषू न देणारा घटक) कमी होतं आणि मॅग्नेशियम अधिक मिळतं. पालक उकडून पाणी ओतून दिलं तर मॅग्नेशियमचा बराच हिस्सा मोरीत गेला.

उपवासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ. त्याजागी राजगिरा घ्या, त्यात मॅग्नेशियम नाचणीपेक्षाही जास्त आहे. भोपळा चिरताना फेकतो त्या बिया धुऊन, वाळवून, भाजून ठेवा. मूठभर सोललेल्या बियांत दीडशेच्या आसपास मिग्रॅ मिळतं, घरात एवढं दाट दुसरं काही नसतं. सगळे केळं सुचवतात. खा, पण त्यात तीसेकच आहे. आरओच्या यंत्रातून पाण्यातले क्षार निघून जातात हे खरं, तरी तेवढ्यासाठी बोअरचं न तपासलेलं पाणी प्यायला लागू नका.

८. पुन्हा कधी तपासायचं

रक्तातला आकडा लवकर वर येतो, हाडं-स्नायूंतला साठा भरायला वेळ लागतो. शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमचा तर निम्म्यापर्यंतचा भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणून पहिला चांगला रिपोर्ट आला की गोळी स्वतःहून थांबवू नका, आणि कायमचीही करू नका. कधी थांबवायची ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषध बदलल्यावर, मात्रा बदलल्यावर आणि मोठे जुलाब होऊन गेल्यावर मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन एकत्र करा. जुलाबात ओआरएस अवश्य द्या, पण त्यात मॅग्नेशियम नसतं हे ध्यानात असू द्या.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवा, कुठल्या औषधाने मॅग्नेशियम उतरलं होतं आणि कुठल्या महिन्यात. रुग्णालयात भरती झालं की ॲसिडिटीची गोळी किंवा इंजेक्शन अनेकदा आपसूक सुरू होतं आणि डिस्चार्ज कार्डावर तसंच घरी येतं. घरी निघण्याआधी ते कार्ड वाचा. त्यात ‘प्राझोल’ दिसलं तर ते किती दिवसांसाठी आहे, हे तिथेच वॉर्डातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.